भूल उतरवणारी हाक

कोल्हापूर, ४ नोव्हेंबर

चि. राजनंदिनीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

पित्तात खडे निघाल्याचं कळल्यावर बघायला पहिली कोण आली म्हणशील तर हुसेनबी, माझ्या गारगोटीच्या माहेरची मैतरीण. सून रुबीनाच्या गाडीवर मागं बसून, दारातनंच वरडत. खडे तुझ्या पित्तात आणि बोंब माझ्या गल्लीत, म्हणाली. मागनं शेजारची शालूबाई आली, ती एक काढा सांगून गेली.

फोनवर तुझी आई कान लावून असती, म्हणून लिहितो. ऑपरेशनला मी न्हाय म्हटलंय. कापायचं भ्या न्हाय गं. डॉक्टर म्हणाले, आधी भूल देणार. आमच्या डोंगरात भूलवेल असती, तिच्यावर पाय पडला की माणूस एकाच झाडाभोवती फिरत ऱ्हातंय. ल्हानपणी मी गेलतो तसा. आईनं ठकू, ठकू म्हणून हाक मारली, तवा वाट घावली. मग लग्नात तांदळात अंबू लिहिलं आणि ठकू माहेरात ऱ्हायली. आता आई न्हाय. भुलंत शिरलो तर मला हाक कोण मारणार? तू भूल द्यायचंच शिकतीस, तर खरं सांग, माणूस जातंय कुठं?

तिकडं नागपुरात जेवत जा. माया पातळ करू नकोस.

तुझी आजी


नागपूर, ९ नोव्हेंबर

ती. आजीस, राजनंदिनीचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या मेंदूत कोट्यवधी पेशी सारख्या एकमेकींना हाका मारत असतात, लक्ष्मीपुरीच्या बाजारासारख्या. शिरेतून दिलेलं औषध रक्ताबरोबर तिथं पोचतं, त्यांच्या दारात बसतं आणि सगळ्यांना गप्प करतं. हाका थांबल्या की दुखणं कळत नाही, आठवणही साठत नाही. ही झोप नव्हे. झोपेत चिमटा काढला तर तू उठशील आणि मला मारशील. म्हणून आम्ही श्वास आणि ठोके बघत शेवटपर्यंत उशाशी असतो. औषध थांबवलं की ते हळूहळू मेंदूतून उतरतं, सोबत हुंगायला दिलेला वायू श्वासावाटे निघून जातो.

माणूस जातं कुठं, ते मात्र अजून कुणालाच नीट माहीत नाही. माझ्या सरांनाही नाही. पण परत आणताना आम्हीसुद्धा नावानंच हाक मारतो. तिथं तुला भूल देणाऱ्या पूर्णिमा मॅडमना मी तुझं माहेरचं नाव कळवलंय. तेव्हा ऑपरेशनला हो म्हण, आणि त्या दिवशी सकाळी पाणीसुद्धा पिऊ नकोस.

लोभ आहेच, तो सोबत घेऊन जा.

तुझी राजनंदिनी


कोल्हापूर, २१ नोव्हेंबर

चि. राजनंदिनीस, परत आलेल्या आजीचे आशीर्वाद.

तुझं ते 'कुणालाच माहीत नाही' वाचलं आणि धीर आला बघ. सगळं माहीत हाय म्हणणाऱ्याच्या हातात मी म्हशीचं दावंबी देत न्हाय. उपाशी ऱ्हायला कुरकुरलो, तर हुसेनबी म्हणाली, मी महिनाभर रोजं धरतो, तुला एक सकाळ निघंना व्हय.

डॉक्टरीणबाईनं अंबूबाई म्हणून हाक मारली म्हणं. मी गप्प. आज्जी म्हटलं, तरी गप्प. मग लाजत लाजत कानाशी ठकू म्हणाल्या, तर मी म्हटलं, आलो गं आये. मग वॉर्डातल्या पोरीबी ठकूआज्जी म्हणाय लागल्या.

पर तिथं झाड न्हवतं, वाट न्हवती, अंधारबी न्हवता. दिवा घालवला आणि लावला, मधलं कायच न्हाय. घरी आल्यापास्नं इचार करतोय, मी न्हवतो तवा कुठं हुतो? मरणबी तसंच असंल तर भ्यायचं काय कारण न्हाय. फकस्त मागनं हाक नसती, एवढंच.

ठकू म्हणणारी जगात हुसेनबी एकटीच उरलेली. आता तूबी हैस. पुढच्या पत्रात ठकूच लिही, तुझी आई वाचंल, तिलाबी माझं नाव कळू दे.

तुझी ठकूआजी

ता. क. हुसेनबी जाताना जिन्यातनं वरडली, ठके, मरू नकोस, शुक्रवारी येतो.