दगडावरचं शेवटचं नाव

अहो,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. तुम्ही होतात तेव्हा माझं उत्तर मास्तर लिहून द्यायचे. आता स्वतः लिहिता येतं, तर पाठवायला पत्ता नाही. तरी लिहिते, कारण काल चावडीवर मी तुमचा शब्द मोडला. तो माझ्याच तोंडून तुम्हाला कळावा.

तुमची पेटी आली तिच्यात एक सदरा, वस्तरा आणि कुठल्याशा मासिकाची चार पानं होती. अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई चालू असताना, जिथे हजारो माणसं पडली त्या रानात त्यांचा अध्यक्ष बोलला, त्याची ती हकिगत. तुम्ही कडेला पेन्सिलीने रेघ ओढली होती. मला त्याबद्दल कधी लिहिलं का नाहीत? मला समजणार नाही असं वाटलं का?

समजायला वेळ लागला, हे खरं. घड्या फाटेपर्यंत वाचलं. कापूस वेचून दुपारी निंबाखाली टेकलं की तो माणूस दिसतो. उंच, वाळलेला, आपल्या शिवेवरच्या टेकाडावर उभा. उन्हात हलतो आणि वऱ्हाडीत बोलतो. चार विसा आणि सात वर्षांमागची गोष्ट सांगतो. हो, त्याने वर्षंसुद्धा आपल्या बायांसारखी विसांनीच मोजली होती! कधी त्याच्या बाजूला तुम्ही असता, फावडं टेकून ऐकत. डोळे उघडले की नुसता पांढरा कापूस.

मेलेल्यांपैकी एकाचंही नाव त्याने घेतलं नाही. शत्रूला शिवी दिली नाही. तो थेट मागे गेला, देश मांडणाऱ्या वाडवडिलांपर्यंत. सगळी माणसं सारखी, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. लिहिलं, पण पाळलं नाही. त्यांच्याच घरी विकत घेतलेली माणसं राबत होती. मग याने त्यांना खोटं का म्हटलं नाही? हे कोडं मला फार दिवस सुटलं नव्हतं. खोटं म्हटलं असतं तर त्यांचा शब्दही त्यांच्याबरोबर मातीत गेला असता. त्याने शब्द तेवढा उचलला आणि जिवंत माणसांच्या हातात ठेवला. मेलेल्यांनी त्यांचं केलं, उरलेलं तुम्ही करा, म्हणाला.

काल चावडीवर बोलावणं होतं. लढाईत गेलेल्या गावच्या चौघांचा, त्यात तुमचा आणि सोनाजीचाही, दगड उभा करायचा आहे. पाटील म्हणाले, "पोळ्यात जसा मान, तसाच दगडावर. पयलं आमच्या पुतण्याचं नाव. सोनाजीचा दगड वेशीबाहेर, त्याच्या लोकाइत. त्यायलेही बरं वाटंल."

सोनाजीची माय खाली पायरीपाशी बसली होती. तिने पदर सारखा केला.

तुम्ही असता तर बोलला असता का? लढाईआधी सोनाजी आपल्या अंगणात यायचा, तेव्हा त्याच्या ओंजळीत तुम्ही वरून पाणी ओतायचात. मीही तसंच ओतायची. मग ब्रह्मदेशातून, रस्ता बांधणाऱ्या पलटणीतून तुम्ही लिहिलंत, "मी अन् सोनाजी एकाच मगातून चहा पितो. हे घरी कोनाले सांगू नको." दिराच्या पोरीच्या पाटीवर अक्षरं गिरवून शिकले, त्यानंतर मी स्वतः वाचलेलं ते पहिलं पत्र. इतके दिवस मी ते पोटात ठेवलं.

काल सांगून टाकलं. तुम्हा दोघांना एकाच खड्ड्यात ठेवलं, असं तुमच्या पलटणीच्या हवालदाराने लिहिलं होतं, तेही सांगितलं.

पाटील हसले. "वाचू वाचू बाई वकील झाली," म्हणाले. मग सगळेच हसले. माझे पाय कापत होते. तेवढ्यात तो टेकाडावरचा माणूस आठवला, आणि मीही त्याच्यासारखी मागे, वाडवडिलांपर्यंत गेले.

"पाटील, गाव बसलं तवा शिव कोनं दाखवली?"

सगळ्यांना ठाऊक होतं. सोनाजीच्या पूर्वजाने. शिवेवर त्या घराचा शब्द शेवटचा, असं आपल्या वाडवडिलांनीच ठरवलं. शेजारच्या गावाशी तंटा झाला तेव्हा सोनाजीचा बाप पुढे चालत होता आणि पाटील त्याच्या मागे.

"ज्यानं शिव दाखवली, त्याच्याच नातवा-पणतवाचं नाव वेशीबाहेर ठेवता?"

 पाटलांनी हातातली सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "लिहा याच दगडावर. पन शेवटी."

पाथरवट दगडावर नावं आखायला कोळसा घेऊन तयारच होता. त्याने विचारलं, चौथं सोनाजी ना? मी म्हटलं, चौथं नाही, तिसरं. आणि चौथं सांगताना जीभ अडली. उखाण्याबाहेर तुमचं नाव मी कधी घेतलं होतं? हळदीचा वास आला, मांडवातल्या बाया आठवल्या, उखाणा मात्र एकही सुचेना. मग मी तसंच म्हटलं.

"सोनाजीच्या खाली तुळशीराम."

रागावलात? माझ्यामुळे तुम्ही शेवटी गेलात. पण दगड उभा राहिला की त्याच्यापाशी खाली बसल्या बसल्या तुमचंच नाव माझ्या हाताला लागेल.

निघताना सोनाजीची माय एवढंच म्हणाली, "बाई, घरी पानी प्यायले येजो."

आज सकाळी गेले होते. तिने तांब्या भरून हातात दिला. पाणी गार होतं.

पेपरात येतं की दिल्लीत शहाणी माणसं आपल्या देशाचा कायदा लिहायला बसली आहेत. लिहून होईल तेव्हा तो आणीन आणि दगडापुढे तुम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवीन. आणि गाव पाळायला विसरलं, तर चावडीवर पुन्हा जाईन. आता पाय कापणार नाहीत, असं नाही म्हणत. पण जाईन.

तुमचीच,
भागीरथी