कवडसा मोजेपर्यंत

८ जानेवारी १९९६, असोदा
आजपासून रोजनिशी. मी बोलते, सून वच्छला लिहिते. वही फक्त माझ्यासाठी. मला वाचता येत नाही, तेव्हा गुपित पक्कं. वच्छलानं लिहायचं, वाचायचं नाही.
डोक्यात, कानामागे बोराएवढी गाठ निघाली. जळगावच्या दवाखान्यात नवीन मशीन आलंय. डोक्याला लोखंडी कडं स्क्रूनं आवळतात आणि करंगळीएवढा बारीक किरणांचा झोत गाठीवर सोडतात. एका दिवसाचं काम. मी अजिबात घाबरत नाही. संकल्प: बोलावतील त्या दिवशी जायचं.

१९ जानेवारी
गेले. किरणं मोजायला पंडित म्हणून साहेब आहेत. म्हणाले, "अक्का, थोडं थांबा. मोजायचं यंत्र अंगठ्याएवढं, झोत त्याहून बारीक. यंत्राच्या कडा कोरड्याच राहतात, आकडा कमी दिसतो. त्यावर विसंबलो तर तुम्हाला किरणं जास्त बसतील."
म्हटलं, म्हणजे धाब्याच्या घराच्या झरोक्यातून रुपयाएवढा कवडसा पडलाय, त्यावर गोधडी अंथरायची, आणि गोधडी किती तापली त्यावरून ऊन मोजायचं! एवढं शिकून गोधडीच?
पंडित लाल झाला. मी थांबायला तयार झाले. अचूकपणासाठी, दुसरं काही नाही.

२१ फेब्रुवारी
मुंबईहून मुगाएवढं यंत्र आलं. अर्धा मिलिमीटर सरकलं की आकडा पडतो, म्हणे. डोक्याऐवजी पाण्याची टाकी ठेवलीय, पंडित दिवसभर तिच्यावर वाकून त्याला झोताच्या मधोमध आणतोय. सराफाचा काटा पंख्याच्या वाऱ्यानं हलतो, तरी सराफ इतका घामाघूम होत नाही. म्हटलं, सावकाश होऊ द्या, मला घाई नाही. म्हणाला, "मला आहे, अक्का."

१२ मार्च
मुगाचा आकडा आणि झोतानं काळ्या पडलेल्या एक्स-रे फिल्मचा आकडा जुळला. निरोप आला: सोमवारी या.
पण दोन्ही मोजले कोणी? पंडितनंच. एकाच घरचे दोन साक्षीदार. तिसरा पाहिजे. वच्छला म्हणाली, "आत्याबाई, आता तुम्ही कारणं काढता." ते खोडायला सांगितलं. खोडलं, म्हणाली.

९ एप्रिल
पंडितनं किरणं धरून ठेवणाऱ्या, मिठाच्या खड्याएवढ्या चकत्यांवर झोत टाकून त्या पोस्टानं मुंबईला तपासायला पाठवल्या. मी सांगितल्यामुळे. (वच्छला म्हणते, ते आधीच ठरलं होतं.) तिसरा आकडाही तोच. दुकानातल्या फोनवर पंडित ओरडत होता, "अक्का, तिन्ही जुळले!"
फार आनंद झाला. पण अकरा दिवसांवर आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. लेकी माहेरी येणार. डोक्याला कड्याची भोकं घेऊन मांडे करू?

२७ एप्रिल
आखाजी झाली. धुळ्याची नणंद झुंबरबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "अक्का, बठ्ठं मोजं ना त्यास्नी. आते तू काबर भी ऱ्हायनी?"
भीत नाही. केळी कापणीला आलीत, एवढंच.
माझ्या जागी जामनेरच्या बन्सीलालला घेतलं. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन घरी गेला, म्हणे. त्याची गाठ सोपी असेल.

२३ जून
वच्छला हल्ली पुटपुटते, डाव्या बाजूनं बोलली तर काही ऐकू येत नाही. मी भिंत धरून चालते. भिंत गार लागते म्हणून. पंडितचे दोन निरोप आले. फावला वेळ बराच दिसतो त्याला. संकल्प: पोळा झाला की नक्की.

१४ सप्टेंबर
परवा पोळा झाला. आज गेले. नवे फोटो काढले. पंडित रिपोर्ट घेऊन माझ्या उजव्या कानाशी बसला. गाठ लिंबाएवढी झाली. बारीक झोतात आता मावत नाही. मोठ्या झोतानं द्यायचं, थोडं थोडं, तीस दिवस, रोज एसटीनं येऊन. केस जातील. डावा कान परत येईलच असं नाही.
विचारलं, मोठ्या झोताचं मोजमाप नीट झालंय का?
"त्यात कधीच अडचण नव्हती, अक्का. सोमवारी या."
सोमवारी गणपती बसतात, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.
पंडित मला भित्री म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.