खाटेखालचं ताट

आत्याबाई, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. पोरीच्या वहीचं पान फाडून लिहितेय. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा अक्षराकडे बघू नका. शेवटी शेवटी तर सून म्हणून तुम्ही मला ओळखतही नव्हत्या. मलाच ‘माय’ म्हणायच्या.

तुमचं डोकं विसरायला लागलं आणि तुम्ही जळगावच्या आमच्या गल्लीत दारोदार सांगत सुटल्या, “सून माले जेवाले देत नही.” हात धुवून पाच मिनिटं होत नाहीत तोच! माझं डोकं फिरायचं. मग मी तुमचं उष्टं ताट घासायचंच बंद केलं. खाटेखाली सरकवून ठेवायचं आणि तुम्ही जेवण मागितलं की ओढून पुढं करून विचारायचं. “हे कोण जेवलं मग?” तुम्ही वाळलेल्या वरणावरून बोट फिरवायच्या आणि पुन्हा खाटेवर आडव्या व्हायच्या. मला वाटायचं, बरा उपाय सापडला.

उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे वर्षाचे ज्वारीचे पापड, घातले तो दिवस. ज्वारीचा शिजवलेला घाटा गरम आहे तोवरच थापावा लागतो, नाहीतर पातेलं वाया. गच्चीवर चार बाया मदतीला. त्यांना मी वाटी वाटी घाटा तेल घालून खायला दिला. ऊन डोक्यावर आलं, शेवटचं पातेलं राहिलं होतं, आणि तुम्ही जिन्यात उभ्या.

“माय, भूक लागनी माले.”

मी तरातरा खाली जाऊन ताट आणलं.

“हाई ताट मनं शे?”

“नाही, माझ्या बापाचं!”

बाया खदखदून हसल्या. तुम्हीही थोडं हसल्या आणि भिंत धरत खाली गेल्या.

चार वाजता मी खाली येऊन वाढलं. “जेवा, आत्याबाई.”

“नको माय. मी जेवेल शे. लोके हासतीन.”

घास तोंडाशी नेला तर तुम्ही ओठ मिटून घेतले. हात जोडले मला. सासूनं, सुनेला.

दुसऱ्या दिवसापासून मी ताट लगेच घासायला लागले, पण तुम्ही मागायचंच सोडलं. वाढलं तरी आधी विचारायच्या, “मी जेवेल तं नही ना?”

तेराव्याला नणंदबाई चारचौघांत म्हणाल्या, “वहिनीनं आईचं फार केलं.” मी पदर डोळ्याला लावला. तुमच्या लेकाला मी बिबड्यांच्या दिवशीच सांगितलं होतं, कामाच्या घाईत विसरले, वाटलं तुम्ही जेवल्या. हा कागद त्यांच्या हाती द्यायचा नाही. कारण मी सांगितलं ते खोटं आहे. ताट खाटेखालून ओढलं तेव्हाच वरण रात्रीचं आहे, सकाळपासून तुम्हाला वाढलेलंच नाही, हे मला दिसलं होतं. घाटा गार होत होता.