मुठीची पिवळी हाडं

प्रिय वुकोता,

बाबांना पुरून आलो त्याच दिवशी तू भिंतीवरचं पणजोबांचं रिव्हॉल्व्हर उतरवलंस. म्हणालास, "हत्यार मुलाचं. मुलींना काय करायचंय?" मग ते घासूनपुसून चकाचक केलंस, पांढरी नवी मूठ बसवलीस आणि जुन्या मुठीची पिवळी हाडं, दोन्ही बाजूंच्या त्या हाडाच्या पट्ट्या, माझ्या ओट्यावर टाकून गेलास.

काल तुझा फोन आला. रिव्हॉल्व्हर विकायला नेलंस, तर त्सेतिन्ये शहरातला जुन्या हत्यारांचा संग्राहक म्हणे हसला, "असली रिव्हॉल्व्हरं इथे घरोघरी आहेत. पणजोबांचं नाव कोरलेली मूठ कुठाय?"

"ताई, ती हाडं आहेत ना गं?" बऱ्याच वर्षांनी ताई झाले!

मी म्हटलं, "चुलीत घातली. मुलींना काय करायचंय?"

आत्ता ती समोरच आहेत. म्हणूनच हे पत्र टाकणार नाही.

वारशात नसलेली तुझी बहीण,
स्ताना