तलंगा रुळेपर्यंत

ती. वन्संना नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात की नाही ते कळवा. मागच्या पत्रात तुम्ही फक्त माझीच चौकशी केलीत, म्हणजे दुखत असणार. मी बरी आहे. हे गेल्यापासून भूक लागली की जेवते आणि झोपायच्या वेळी जागी असते, बाकी तक्रार नाही.

तुम्ही लिहिलंत की महिनाअखेरीस भाचा टेम्पो घेऊन येईल, मी घराला कुलूप लावावं आणि कायमचं तुमच्याकडे राहायला यावं. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. पण मध्येच एक अडचण उपटली आहे. माझ्याकडे सहा कोंबड्या आहेत. (तुमचं पत्र आलं तेव्हा नव्हत्या. दुसऱ्या दिवशी घेतल्या.) त्यांनी अजून अंडी द्यायला सुरुवात केलेली नाही, अशांना तलंगा म्हणतात. वाचनालयातून कोंबड्या पाळण्याचं पुस्तक आणलं. (मला वाचायला कोणी शिकवलं नाही, माझं मीच शिकले, त्यामुळे छापलेल्यावर माझा जरा जास्तच विश्वास.) त्यात ठळक अक्षरांत आहे की तलंगांना अंड्यावर येण्याआधी नव्या घरात रुळू द्यावं आणि मग जागा बदलू नये, नाहीतर त्या धसका घेतात आणि अंडी लांबतात. आता टेम्पोचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

राहायला त्यांना यांची शिवणाची खोली दिली, कारण घरात नीट लागणारं दार तेवढंच. सुरुवातीला काही दिवस कोंडून ठेवावं, म्हणजे आपलं घर कोणतं ते त्यांच्या डोक्यात बसतं, हे पान मी दुसऱ्या दिवशी वाचलं. पहिल्या दिवशी दार सताड उघडं होतं. संध्याकाळी शेजारचे निवृत्त हेडक्लार्क कुंपणाशी आले.

"वहिनी, तुमच्या कोंबड्या माझ्या स्कूटरवर बसल्यात."

"बसू द्या. किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

"अहो, सीटची वाट लावली!"

त्यांनी छत्री उघडून कोंबड्या हुसकल्या, त्या त्यांच्याच स्वयंपाकघरात शिरल्या. तिथे काय झालं ते त्यांची बायको सांगत नाही. माझ्याशी बोलत नाही, म्हणून सांगत नाही.

नंतर मी कोंबड्यांना कोंडलं. तर सगळ्या एका कोपऱ्यात, माना वर काढून, दाण्याला तोंड लावेनात. पुस्तक म्हणतं, शांतता ठेवा. शांतता या घरात हवी तेवढी आहे. तरी त्या दिवसेंदिवस जास्तच घाबऱ्या. शेवटी विकणाऱ्याकडे गेले. तो हसायलाच लागला.

"मावशी, माझी पिठाची गिरणी आहे. पिल्लं गिरणीच्या भिंतीला लागून वाढली. खडखड ऐकल्याशिवाय त्यांना झोप कशी येणार?"

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही रंग विचारलात, मी रंग सांगितला."

घरी गिरणी कुठून आणू? यांच्या मशीनवरचं कापड मी आजवर काढलं नव्हतं. ते काढलं, खुर्चीवर बसले, आणि दोरा न ओवता नुसते पाय मारले. (पट्टा सैल झालाय, पण चालतो.) थोड्या वेळाने एकेक तलंग इस्त्रीच्या फळीवर चढली, अंग फुगवलं, डोळे मिटले. तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी मशीन चालवते. मध्येच थांबले की एक जण डोळा उघडून बघते. तुमचे बंधू शिवत असताना मी त्यांना वाचून दाखवायचे, तेव्हा मी थांबले की तेही अस्सेच बघायचे.

याचा परिणाम असा की दुकान पुन्हा उघडलं असं गल्लीने धरलं. हेडक्लार्क पॅन्ट घेऊन हजर.

"मला शिवता येत नाही हो."

"मग रोज मशीनवर काय करता?"

"कोंबड्या झोपवते."

"सावकाश द्या, घाई नाही," म्हणाले आणि पॅन्ट ठेवून गेले. माणूस आपण होऊन बोलायला आला, परत कसं पाठवायचं? मी ती आखूड केली. एक पाय जास्तच झाला. ते घालतात, फक्त उभे राहताना तो पाय मागे ठेवतात.

तेव्हा टेम्पो पाठवू नये. अंडी सुरू झाली की बघू. (अंडी सुरू झाल्यावर तर मुळीच हलवू नये, असंही पुस्तकात आहे.)

तुमची भावजय

ता. क. विकणाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मशीन बरोबर न्या, तुमच्या वन्संच्या गच्चीतसुद्धा आठवड्यात रुळतील. म्हणजे अडचण कोंबड्यांची नाही. मीच या घरात यांच्याशिवाय अजून रुळले नाही, आणि ते जमल्याशिवाय मला दुसरीकडे नेऊ नका.

आणखी एक ता. क. तुम्हीच या, महिनाभर तरी राहा. यांच्याबद्दल माझ्याजवळ जे होतं ते आठवून आठवून झिजत आलंय. लग्नाआधीचे ते मला माहीतच नाहीत, ते तुमच्याकडे आहेत. कशाला घाबरायचे, कोणाचा मार खायचे, तुमच्याशी कशावरून भांडायचे, सगळं सांगा. मधूनमधून खोटं घातलंत तरी चालेल. मला कळणार नाही.