चेनमधली नळी

रवि., १९ जाने. ८६

सप्टेंबरपासून या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल वहीचीच माफी मागते. यांचा क्षय निघाला आणि लिहिण्यासारखं जे होतं ते सगळं डॉक्टरांच्या फाइलीत गेलं. वजन ४६. आजाराआधी ६१.

आज यांच्या घड्याळाच्या चेनच्या दोन कड्या काढल्या. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत जायला लागलं होतं. दुकानात द्यायला हे तयार नाहीत. "तो विचारणार, साहेब, एवढे कसे उतरलात? नको." मग मीच बसले. अठरा वर्षं झूलॉजीच्या मुलांना बेडकाच्या नसा सुट्या करून दाखवते, दोन पिना काय अवघड! डिसेक्शनची सुई कॉलेजातून आणली होती. विचारून आणली नाही.

पिना ढकलून काढल्या, कड्या काढल्या, टोकं जोडली, एक पिन परत घातली. फार सहज गेली. मला वाटलं, हात चांगला आहे माझा.

कड्या आणि उरलेली पिन फिल्म-रोलच्या रिकाम्या डबीत. हे म्हणाले, "नीट ठेव. अंग भरलं की परत घालायच्यात."
"हो," म्हणाले. मान वर केली नाही.

मंगळ., २१ जाने.

संध्याकाळी हे एकटे खाली गेले. आजारात पहिल्यांदाच. दोन जिने. मी गॅलरीतून बघत होते. फाटकापाशी वेळ बघायला हात उचलला आणि घड्याळ जमिनीवर. वाकून उचलायला किती वेळ लागला! खिशात टाकलं, वर आले, माझ्या हातात दिलं.

"कड्या काढूनही गळलं बघ. हात उरलाय कुठे आता."

काच शाबूत, चालूही आहे. पण चेन जोडावर सुटलेली, पिन गायब. घड्याळ हातावरून गळलंच नव्हतं, मी बसवलेली पिन निसटली होती. कारखान्याच्या टूलरूममध्ये पंचवीस वर्षं काढलेला माणूस, एरवी एका नजरेत ओळखलं असतं. यांनी पाहिलंच नाही.

मला तेव्हाच कळलं. "चहा टाकते," म्हणाले.

गुरु., २३ जाने.

हे खाली गेले नाहीत. कालही नाही. घड्याळ कपाटात, रुमालांखाली. सावंत कंपाउंडर इंजेक्शन द्यायला आले. "काय भाऊ, आज फेरी नाय?" हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पाय नको म्हणतात."

पाय नको म्हणत नाहीत. मी बोलत नाही म्हणून हे जात नाहीत.

का बोलत नाही? रागावतील म्हणून नव्हे, हे रागावत नाहीत. बहुतेक असं, की सध्या घरात न चुकणारं माणूस मी आहे, आणि ती जागा मला आवडायला लागली आहे. लिहून पुन्हा वाचलं. खोडत नाही.

शनि., २५ जाने.

प्रॅक्टिकल संपल्यावर पाच रस्त्याजवळच्या घड्याळवाल्याकडे. डोळ्याला भिंग लावून त्याने चेन पाहिली.
"बाई, नळी कुठाय?"
"कसली नळी?"

कडीच्या भोकात तांदळाच्या कणीएवढी नळी असते म्हणे. पिन तिच्यात घट्ट बसते. नळी नसली की पिन नुसती सरकत राहते. "घरी खोललंत ना? सगळे हेच करतात. पिन सांभाळतात, नळी केरात." या मापाची नळी त्याच्याकडे नाही. घाटकोपरला एक जण ठेवायचा, त्यानेही बंद केलं. पिन तेवढी मिळाली.

घरी येऊन दिवाणाखाली, फरशीच्या फटीत, उंबऱ्यापाशी शोधलं. पण केर रोज काढते मी. नको इतका नीट.

रवि., २६ जाने.

सांगितलं. सकाळी, गोळ्या देताना.

"घड्याळ पडलं ते तुमच्या हातामुळे नाही. मी चेन नीट जोडली नव्हती. आतली नळी हरवली माझ्याकडून. पिन सुटली हे मंगळवारीच कळलं होतं, बोलले नाही."

हे म्हणाले, "पाच दिवस?"
"हो."
"पाच दिवस मी हा हात बघत बसलोय, सुमन."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने हाक आली.

"ती चेन आण इकडे. काम करताना मांडीवर काय घेतलं होतंस?"
"काही नाही."
"काहीच नाही? अगं, बारीक कामाला पंचा पसरून बसतात मांडीवर. पडलं तरी मांडीतच पडतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. बी.एस्सी.ला नाही शिकवत?"

सप्टेंबरनंतर आज पहिल्यांदा मला चिडवलं.

गुरु., ३० जाने.

इंजेक्शन झालं आणि यांनी सावंतांचा हात धरला.
"थांब रे. ही जाडी सुई बोथट झाली की काय करतोस?"
"टाकतंय."
"टाकू नको. मला दे."
"कित्याक? आता तुम्ही माका टोचतास की काय?"

तरी खिशातून एक जुनी काढून दिली. मी ती दोनदा उकळली.

रवि., २ फेब्रु.

नळी झाली. हे फरशीवर बसले, मांडीवर पंचा. तिकोनी कानशीने सुईला खाच पाडून तुकडा मोडायचा, तोंडं दगडावर घासायची. पहिला तुकडा आखूड झाला. दुसरा उडाला, पंचात पडला. "बघितलंस?" कानस खाचेतून घसरत होती. मी धरू का, ओठांवर आलं होतं. गिळलं.

तिसरा बसला. पिन घालून दोन हलके ठोके. मी जोर लावून ओढून पाहिलं, हललं नाही.

"आता हात गळेल, पण घड्याळ नाही," हे म्हणाले. संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन आले. दोनदा वेळ बघितली. मला दिसेल अशी.

तीन महिने जी सुई रोज यांच्या अंगात जायची, तिचा एवढासा तुकडा आता मनगटावर.

सोम., ३ फेब्रु.

डिसेक्शनची सुई जागेवर ठेवली. आमच्या विभागप्रमुख मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुठली सुई?"

शनि., १ मार्च

इंजेक्शनं संपून पंधरा दिवस. वजन ४८, पण दवाखान्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही. एक्स-रे सोमवारी.

सकाळी हे हात पुढे करून आले. "चेन बोचतेय. बघ." मनगटावर कड्यांचे ठसे उठलेले. चेहऱ्यावर इतका आनंद, की मला बघवेना.

अंग भरलं, की सूज आहे? अंगठ्याने दाबून धरलं. सूज असली तर खळगा राहतो. राहिला नाही. की राहिला आणि मला बघायचा नव्हता? पुन्हा दाबायला गेले तर हात काढून घेतला. "बेडूक नाही मी."

डबी उघडली. दोन्ही कड्या आहेत, पिन आहे. एक कडी वाढवायची तर एक जोड वाढतो, म्हणजे आणखी एक नळी हवी. आधीच्या सुईचं उरलेलं टोक फार आखूड.

सोमवारपर्यंत थांबावं का? दुपारभर विचार केला. नाही थांबत.

उद्या: सावंतांच्या घरी जाऊन आणखी एक जुनी जाडी सुई मागणे.