दोन तासांचं विमान

वाटूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सत्यशीला हिला आबाचा आशीर्वाद.

तेराव्याचं जेवण झालं की तू दिल्लीला निघून गेलीस. जाताना पाया पडलीस, पण बोलली न्हाईस. फोनवर मला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राह्यलो.

तुझ्या आईला तुझ्यासाठी थांबवलं न्हाई, हा तुझा राग बराबर हाये. पण झालं ते ऐक. ती सकाळी सातला गेली. बद्रीनाथकाकानं तुला लगेच फोन केला. मी मंडळींना सांगितलं, पोर विमानानं दोन तासांत येती, थांबा. तुझ्या आईनं सगळ्या गल्लीला तेच सांगून ठेवल्तं. दहा वाजले, बारा वाजले. आष्टीहून तिचे भाऊ येऊन बसले. दोनला तुझा फोन आला, म्हणं मुंबईत हाये, यायला आठ वाजतील. मला काही समजंना. दोन तासांच्या रस्त्याला आठ कशाला वाजतील? वाटलं, तुला जल्दी निघवलंच न्हाई. लोक म्हणले, आता उचलू. त्या रागात मी हो म्हणलो. तू आलीस तवा सरण जळून राह्यल्तं.

तुझ्याबद्दल असं मनात आलं, त्याची लाज वाटती. माफ कर, बाई.

तुझा,
आबा

दिल्ली,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना शीलाचा नमस्कार.

तुमचं पत्र दवाखान्यात ड्युटीवरच वाचलं. पुढची सलाईन दुसऱ्या सिस्टरला लावायला सांगितली आणि पत्र पुन्हा वाचलं.

माफी तुम्ही नका मागू. मी इथं नोकरीला निघाले तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. तिनं खावं म्हणून मी म्हणाले, 'दोन तासांचं तर विमान आहे, तू बोलावलंस की आलेच.' विमान दोन तासांचंच आहे, आबा. पण खोलीपासून विमानतळ दीड तास. तिथं दोन तास आधी जाऊन बसायचं. त्या दिवशी सरळ विमान मिळालं नाही, मुंबईत तीन तास बसले. मग संभाजीनगर, आणि तिथून वाटूरला गाडीनं अडीच तास. हे मी आईला कधी सांगितलंच नाही.

माझा राग वेगळाच होता. शेजारच्या गिरिजाबाई म्हणाल्या, आईच्या छातीत आठ दिवस कळ येत होती. तसल्या कळा मी इथं रोज बघते. फोनवर नुसतं ऐकलं असतं तरी त्याच दिवशी तिला जालन्याला न्यायला लावलं असतं. तुम्ही का नाही कळवलंत?

भाकरी कोण करून देतं, तेही लिहा.

तुमची,
शीला

वाटूर,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. शीलास आशीर्वाद.

भाकरी गिरिजाबाईच आणून देती.

मी कळवणार होतो. तुझी आई बिलकुल ऐकंना. म्हणली, पोरीची नोकरी नवी हाये, सुट्टी काढली तर बोलणी खाईल. जास्तच झालं तर बोलवू, दोन तासांत तर येती. मला बी ते पटलं. आदल्या दिवशी ती बाजारातून पायी आल्ती, वाटलं बरी हाये. ह्यात तुझा दोष न्हाई. ती तुझ्या भरवशावर निवांत व्हती, एवढं खरं.

परवापासून मला ताप हाये. डॉक्टर म्हणला साधाच हाये. तरी कळवून राह्यलो.

आबा